'नैतिक व्यवसाया'चा शिक्का आणि घरी येणारा कारागीर

कोटेशनचा कागद हातात येतो. वर कंपनीचं नाव, मध्ये कामाचा तपशील आणि रक्कम, आणि अगदी तळाशी चार-पाच छोटे गोल शिक्के. एकात हिरवं पान, एकात बरोबरची खूण, एकात 'विश्वासार्ह', एकात 'नैतिक व्यवसाय'. बहुतेकांची नजर रकमेवरून थेट सहीच्या जागेवर जाते. शिक्के दिसतात, पण कोणी ते वाचत नाही. तरी त्यांचा परिणाम होतोच. दोन कोटेशनं सारख्याच रकमेची असतील तर शिक्केवाल्याकडे मन झुकतं, आणि तेवढ्यासाठीच ते छापलेले असतात.

अडचण अशी की एका ओळीत बसलेले हे शिक्के एका जातीचे नसतात. त्यातला एखादा परवाना असतो. काही कामं ठरावीक लोकांनीच करावीत असा कायदा असतो आणि परवान्याशिवाय ती करणं हा गुन्हा असतो. ग्रेट ब्रिटनमध्ये गॅसचं काम करणाऱ्याचं नाव गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावंच लागतं. 1 एप्रिल 2009 पासून ही व्यवस्था आहे. दुसरा शिक्का कौशल्याचा: अमुक अभ्यासक्रम पूर्ण केला, अमुक परीक्षा दिली. तिसरा निव्वळ सभासदत्वाचा, म्हणजे एखाद्या व्यापारी संघटनेची किंवा यादीची वर्गणी भरल्याचा. आणि चौथा, ज्याबद्दल हा लेख आहे, तो 'हा व्यवसाय नीतीने चालवला जातो' असं सांगणारा.

पहिल्या दोन शिक्क्यांचा संबंध कामाशी, चौथ्याचा धंदा कसा चालतो याच्याशी. तिसऱ्याचा संबंध फक्त पावतीशी असू शकतो. या चौघांची गल्लत झाली की माणूस नैतिकतेचा शिक्का बघून वायरिंगचं काम देतो आणि अर्थिंग तपासायला विसरतो.

मग नैतिकतेच्या शिक्क्याचा आपल्याला उपयोग काय? उपयोग आहे, पण जाहिरातीत सांगतात तो नाही. त्यासाठी कारागिराच्या कामाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

काही वस्तू विकत घेण्याआधीच पारखता येतात, कपड्याचा रंग जसा. काहींची पारख वापरल्यावर होते. आणि काही गोष्टी अशा असतात की पैसे दिल्यावर, वापरल्यावर, वर्षं उलटल्यावरही आपल्याला नक्की काय मिळालं ते कळत नाही. 1973 मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कर्नी या अर्थतज्ज्ञांनी या तिसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दुरुस्तीची कामंच होती. दुरुस्ती करणारा दोन गोष्टी एकदम विकतो: 'काय बिघडलंय' हे निदान आणि त्यावरचा इलाज. ज्याने निदान करायचं त्यालाच इलाजाचे पैसे मिळणार. पंप बदलावा लागेल असं तो म्हणाला, आपण बदलून घेतला, पाणी सुरू झालं. आता जुना पंप खरंच गेला होता, की नुसता एक वॉशर बदलून भागलं असतं? हे आपल्याला कधीच कळणार नाही. भिंतीत गाडलेल्या पाइपचंही तेच. सांधा नीट बसवलाय की नुसता चिकटवलाय हे टाइल लागल्यावर दिसत नाही, आणि गळती लागेपर्यंत तो माणूस कुठे असेल सांगता येत नाही.

अशा बाजारात आणखी एक रोग शिरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी तो 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणाने दाखवला. गिऱ्हाइकाला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर तो दोघांनाही मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगल्याला परवडत नाही, वाईटाला मजेत परवडतं. हळूहळू चांगले बाजूला होतात. कमी रकमेच्या कोटेशनमागे धावणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा एकदा तरी डोक्यात घोळवावा. मायकेल स्पेन्स यांनी दुसरी बाजू मांडली: चांगल्याला आपण चांगले आहोत हे दाखवायचं असेल तर त्याने अशी खूण दाखवावी जी लबाडाला परवडणार नाही. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रमाणपत्र ही अशीच खूण. स्पेन्स यांची कसोटी लावली की अर्धे शिक्के तिथेच गळतात, कारण जो शिक्का लबाडालाही तेवढ्याच सहज मिळतो तो काहीच सांगत नाही.

आता खऱ्या नैतिक प्रमाणपत्रात काय असतं ते पाहू. सगळ्यात गाजलेलं नाव बी कॉर्प. बी लॅब ही ना-नफा संस्था 2006 मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पहिल्या कंपन्यांना तिचं प्रमाणपत्र मिळालं. बरीच वर्षं पद्धत अशी होती की कंपनीने लांबलचक प्रश्नावली भरायची, कागदपत्रं दाखवायची, 200 पैकी किमान 80 गुण मिळवायचे आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करून घ्यायची. यात एक पळवाट होती. पर्यावरणात भरपूर गुण कमावले की कामगारांच्या बाबतीतली ढिलाई झाकली जायची. 2025 मध्ये जाहीर झालेल्या नव्या निकषांत ती बंद केली गेली. आता सात विषय आहेत आणि प्रत्येकात किमान पातळी गाठावी लागते.

एसए 8000 हे 1997 पासूनचं मानक कामगारांभोवती फिरतं: बालमजुरी, सक्तीची मजुरी, कामाचे तास, वेतन, सुरक्षा, संघटना करण्याचा हक्क. ब्रिटनच्या गुड बिझनेस चार्टरमध्ये दहा बाबी आहेत. त्यात जगण्यापुरतं वेतन, योग्य कर भरणं, ग्राहकांशी बांधिलकी यांच्याबरोबर पुरवठादारांची बिलं वेळेवर चुकती करणं हेही आहे. ही शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते. बांधकामाच्या धंद्यात मोठा कंत्राटदार लहान मिस्त्रीचे पैसे महिनोन्महिने अडकवून ठेवतो. ज्याचे पैसे अडकलेत तो तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग किती मन लावून करील?

एक सापळा इथेच सांगून टाकतो. 'आयएसओ 26000 प्रमाणित' असं कुठे छापलेलं दिसलं तर सावध व्हा. हे सामाजिक जबाबदारीविषयीचं मानक 2010 मध्ये आलं, पण ते फक्त मार्गदर्शनासाठी आहे. प्रमाणपत्र देण्यासाठी ते नाही, असं त्यातच स्पष्ट लिहिलंय. शिवाय आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ती मानकं लिहिते, तपासणी करून दाखला देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात.

या सगळ्या यादीत तुमचा नळ गळणार नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. तसा दावाही कोणी करत नाही. नैतिक प्रमाणपत्र सांगतं ते धंद्याच्या आतल्या व्यवहाराबद्दल. पण कारागिराच्या बाबतीत आतला व्यवहार थेट आपल्या बिलावर येतो, आणि मला वाटतं या शिक्क्याची खरी किंमत इथेच आहे.

1992 सालचं सीअर्स कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांचं प्रकरण बघा. सीअर्स म्हणजे अमेरिकेतलं त्या काळचं घराघरांत पोचलेलं, भरवशाचं नाव. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने गुपचूप गाड्या पाठवल्या, किरकोळ दुरुस्ती लागणाऱ्या. बहुतेक वेळा केंद्रांनी गरज नसलेली कामं सुचवली आणि त्याचे पैसे लावले. कारण शोधताना बोट गेलं पगाराच्या पद्धतीकडे. कामं सुचवणाऱ्या कर्मचाऱ्यांना विक्रीवर कमिशन होतं आणि ठरावीक भागांचे कोटे होते. महिन्याला इतके शॉक ॲब्सॉर्बर, इतकी ब्रेकची कामं. अशा वेळी माणूस मुळात प्रामाणिक असला तरी त्याला बिघाड दिसायला लागतात. प्रकरण बाहेर आल्यावर कंपनीने ती कमिशनची पद्धत बंद केली.

त्या केंद्रांतले मेकॅनिक अडाणी नव्हते. कौशल्याची परीक्षा घेतली असती तर ते पास झाले असते. जे बिघडलं होतं ते फक्त 'आमच्या माणसांना पैसे कसे मिळतात' या प्रश्नातून दिसलं असतं. चांगलं नैतिक प्रमाणपत्र नेमका हा प्रश्न विचारतं. म्हणून असा शिक्का दिसला की हवेतल्या मूल्यांची यादी वाचत बसू नका. वेतन, कमिशन आणि तक्रार निवारण यांबद्दल त्या योजनेचे नियम काय म्हणतात, तेवढं शोधा. बाकीचं जगाच्या भल्याचं असेल, पण तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकशी संबंध याचाच आहे.

आता शिक्क्यांच्या काळ्या बाजूकडे. पैसे कोण देतं, हा इथला मूळ प्रश्न. जवळपास सगळ्या योजनांमध्ये तपासणीचे पैसे ज्याची तपासणी व्हायची तोच देतो. यात लगेच भ्रष्टाचार आहे असं नाही. पण तपासणाऱ्याने वरचेवर नापास करायला सुरुवात केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या तपासणाऱ्याकडे जाणार, हे दोघांनाही माहीत असतं.

अगदी उघडा प्रकार 2011 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने पकडला. टेस्टेड ग्रीन नावाचा उद्योग पर्यावरणस्नेही असल्याची प्रमाणपत्रं विकत होता, साधं साधारण 190 डॉलरला, खास 550 डॉलरला. शंभरहून जास्त गिऱ्हाइकांनी ती घेतली. आयोगाच्या म्हणण्यानुसार तपासणी कसलीच होत नव्हती, पैसे भरा आणि चिन्ह घ्या. वर या प्रमाणपत्राची शिफारस करणाऱ्या दोन 'स्वतंत्र' संघटनाही त्याच माणसाच्या होत्या.

पण असले सरळ फसवे शिक्के मला कमी धोक्याचे वाटतात, कारण थोडं खोदलं की ते सापडतात. जास्त धोका नामांकित संस्थेच्या ढिलाईचा. ट्रस्टई ही संस्था वेबसाइटना खासगी माहिती नीट जपत असल्याचा शिक्का द्यायची आणि दर वर्षी फेरतपासणी करत असल्याचं सांगायची. 2014 मध्ये त्याच आयोगाने ठपका ठेवला की 2006 ते 2013 या काळात हजाराहून अधिक वेळा ती फेरतपासणी झालीच नव्हती. त्याआधी बेन एडेलमन या संशोधकाने दाखवलं होतं की हा शिक्का असलेल्या साइट बिनशिक्क्याच्या साइटपेक्षा बेभरवशाच्या निघण्याची शक्यता दुपटीहून जास्त आहे. चक्रावून टाकणारी गोष्ट आहे, पण तर्क सरळ आहे. शिक्का मिळवणं सोपं असेल तर त्याची सगळ्यात जास्त निकड कोणाला? ज्याच्यावर एरवी कोणी विश्वास ठेवणार नाही त्याला.

कंत्राटदार निवडताना अमेरिकेत बरेच लोक बेटर बिझनेस ब्युरो या खासगी संघटनेने व्यवसायांना दिलेली श्रेणी बघतात. तिचंही 2010 मध्ये हसं झालं. ब्युरोच्या दक्षिण कॅलिफोर्निया शाखेत काही व्यावसायिकांनी मुद्दाम 'हमास' या नावाने कंपनी नोंदवली, वर्गणी भरली आणि 'ए वजा' श्रेणी मिळवून दाखवली. ही बातमी एबीसी वाहिनीने दिली. 2013 मध्ये त्या शाखेला मूळ संघटनेने बाहेर काढलं.

आणि एक उदाहरण हसण्यासारखं अजिबात नाही. 11 सप्टेंबर 2012 ला कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. आग घातपाताची होती असा निकाल न्यायालयाने पुढे दिला, पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायचे रस्ते बंद होते म्हणून माणसं आत अडकली. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए 8000 प्रमाणपत्र मिळालं होतं. ज्या युरोपीय संस्थेच्या नावाने ते दिलं गेलं, तिने प्रत्यक्ष तपासणीचं काम एका स्थानिक संस्थेकडे सोपवलेलं होतं.

काम भलत्याकडेच सोपवलेलं असणं, हे कारागिरांच्या जगात रोजचं आहे. प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर असतं आणि दारात उभा राहतो तो उपकंत्राटदाराने काल रात्री फोन करून बोलावलेला माणूस. तो चांगला असेलही. पण ज्या वेतनाच्या, प्रशिक्षणाच्या आणि सुरक्षेच्या नियमांवर शिक्का मिळाला, ते नियम त्याला लागू आहेत का? त्यामुळे 'तुम्ही प्रमाणित आहात का' याआधी 'काम करायला नक्की कोण येणार, तुमचा माणूस की बाहेरचा' हा प्रश्न विचारावा. उत्तर लगेच आणि सरळ आलं तर अर्धी काळजी मिटते. 'आमचीच टीम असते, तुम्ही निश्चिंत राहा' एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

प्रमाणपत्र वाचायला दोन मिनिटं लागतात. नाव बघायचं. कोटेशनवरच्या कंपनीचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव तंतोतंत तेच आहे का? एकाच मालकाच्या तीन कंपन्या असतात आणि शिक्का एकीचा असतो. तारीख बघायची, कारण मुदत संपलेली प्रमाणपत्रं भिंतीवर वर्षानुवर्षं लटकत राहतात. मग व्याप्तीची ओळ, म्हणजे प्रमाणपत्र नेमक्या कोणत्या कामाला लागू आहे ते. ही सहसा बारीक अक्षरांत असते आणि सगळ्यात जास्त तीच बोलते. 'प्रशासकीय कार्यालयाचं कामकाज' एवढीच व्याप्ती असेल तर साइटवरच्या कामाला कोणी हातही लावलेला नाही. ब्रिटनच्या गॅस सेफ कार्डाची रचना मला यासाठी आवडते. पुढे फोटो, क्रमांक आणि मुदत. मागे हा माणूस कोणकोणती कामं करू शकतो याची यादी. कोणी बॉयलरला पात्र असतो पण गॅसच्या शेगडीला नसतो, आणि कार्ड उलटं केल्याशिवाय ते कळत नाही.

शेवटी देणाऱ्या संस्थेचं नाव, आणि क्रमांक त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत टाकून बघायचा. कंपनीने पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका, संस्थेची साइट स्वतः शोधा. आयएसओ 9001 (दर्जा व्यवस्थापनाचं मानक) सारखी प्रमाणपत्रं तपासायला आयएएफ सर्टसर्च नावाचा जागतिक साठा आहे. ज्या संस्थेची सार्वजनिक यादीच नाही, तिचा शिक्का मी तरी विचारात घेणार नाही. काढून घेतलेल्या प्रमाणपत्रांची माहिती जाहीर करणारी संस्था असेल तर उलट तिच्यावर जास्त विश्वास ठेवावा. ज्या योजनेतून आजवर कोणालाच काढलेलं नाही, तिथे सगळे साधुसंत जमले असण्यापेक्षा कोणी तपासतच नसण्याची शक्यता जास्त.

युरोपीय संघाने याच दिशेने कायदा केलाय. 2024 च्या 825 क्रमांकाच्या निर्देशानुसार, पर्यावरणाचं किंवा सामाजिक जबाबदारीचं चिन्ह लावायचं तर त्यामागे त्रयस्थ तपासणीची योजना हवी किंवा ते सरकारी यंत्रणेने ठरवलेलं हवं. स्वतःच काढून स्वतःच चिकटवलेल्या शिक्क्यांवर 27 सप्टेंबर 2026 पासून बंदी लागू होते.

एवढं सगळं वाचून कोणी बिनशिक्क्याच्या माणसाला दारातूनच परत पाठवू लागलं, तर तो मोठा अन्याय होईल. प्रमाणपत्राची फी, कागदपत्रं, प्रश्नावल्या हे सगळं दहा-वीस माणसांच्या कंपनीला झेपतं. एकटा सुतार किंवा एकटी इलेक्ट्रिशियन दिवसभर काम करून रात्री कार्बन उत्सर्जनाचे तक्ते कधी भरणार? शिक्का नसणं हा दोष नाही. परवाना लागणाऱ्या कामात परवाना नसणं हा मात्र दोष आहे, आणि तिथे 'माणूस ओळखीचा आहे' ही सबब चालू नये.

एकट्या कारागिराकडून हीच माहिती साध्या बोलण्यातून मिळते. बदललेला जुना भाग मला परत द्याल का, असं विचारून बघा. सरळ माणूस लगेच 'हो' म्हणतो. कामाची रक्कम लेखी द्याल का, साहित्य आणि मजुरी वेगळी लिहाल का? भिंत बंद करण्याआधी मला फोन करा, मी पाइपचे फोटो काढून घेतो. मोठं काम असेल तर निदान एकाकडून आणि काम दुसऱ्याकडून करून घेता येतं. निदानाचे वेगळे पैसे जातात खरे, पण 'पंप बदलायलाच हवा' म्हणणाऱ्याचा त्या पंपाच्या विक्रीत हितसंबंध उरत नाही. आणि मजुराला पैसे कसे देता, रोजावर की उक्ते? उक्त्या कामात घाईची भीती, रोजावर रेंगाळण्याची. दोन्हीत काही चूक नाही, पण कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं.

शिक्का असलेल्या कंपनीकडून काम करून घ्यायचं ठरलंच, तर सही करण्याआधी आणखी एक चौकशी करावी. काम बिघडलं आणि कंपनीने दाद दिली नाही, तर प्रमाणपत्र देणारी संस्था ग्राहकाची तक्रार घेते का? घेत असेल तर कोणाकडे, किती दिवसांत, आणि काम दुरुस्त करून देण्याची सक्ती करू शकते का, की फक्त 'नोंद घेतली' असं कळवते? बऱ्याच नैतिक योजनांमध्ये तक्रार करता येते ती कंपनीच्या वागणुकीबद्दल, तुमच्या गळक्या सांध्याबद्दल नाही. कामाची हमी मग कोटेशनवरच लेखी मागून घ्यावी लागते: किती महिन्यांची, कशाकशाची, आणि दुरुस्तीला आल्यावर येण्या-जाण्याचे पैसे कोणाचे.